व्होल्टेजची नोंद कुठे थांबते?

नोव्हेंबर १९८९ मध्ये अण्णा हजारे उपोषणाला बसले ते शेतीला पुरेशी वीज मिळावी म्हणून. राळेगणसिद्धीची गोष्ट सांगताना आपण पाझर तलाव सांगतो, श्रमदान सांगतो, दारूबंदी सांगतो. हे उपोषण सहसा कोणी सांगत नाही. पण ते त्याच गोष्टीचे पुढचे पान आहे. १९७५ मध्ये अण्णा लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा पारनेर तालुक्यातले हे गाव कायमचे दुष्काळी होते. वर्षाकाठी चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही उतारावरून निघून जाणारा. गावाने नाले बांधले, चर खणले, पाझर तलाव दुरुस्त केले आणि विहिरींना पाणी आले. विहिरीला पाणी आले की तिच्यावर मोटार बसते. शेजारच्या विहिरीवरही बसते. तार मात्र तीच राहते, डीपीही (वितरण रोहित्र) तीच. पाण्याचा प्रश्न सुटत गेला तसा त्याच्या पोटातून विजेचा प्रश्न जन्माला आला.

या प्रश्नाचा सगळ्यांना जाचणारा भाग म्हणजे व्होल्टेज. वीज येते, पण दाब नसतो. मोटार घरघरते, पाणी उचलत नाही, आणि थोडा वेळ तशीच चालू ठेवली तर जळते.

असे का होते, हे एका साध्या हिशेबाने कळते. ५ एचपीची मोटार भरात चालते तेव्हा प्रत्येक फेजमधून ८ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. एका तारेवर अशा दहा मोटारी म्हणजे ८० अँपिअर. डीपीपासून अर्धा किलोमीटर गेलेल्या बारीक ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध अर्ध्या ओहमच्या जवळपास भरतो. एवढा प्रवाह एवढ्या तारेतून गेला की शेवटच्या खांबापर्यंत ३५ ते ४० व्होल्ट वाटेतच सांडतात. डीपीवर २३० व्होल्ट असले तर टोकाच्या शेतकऱ्याला १९० ते १९५. ठिबकच्या लांब नळीत शेवटच्या झाडाला थेंब कमी मिळतो, तसेच हे. मोटारीचे दुखणे मात्र झाडापेक्षा वाईट. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले की मोटारीचा पीळ (टॉर्क) ८० टक्के राहत नाही, तो वर्गाच्या प्रमाणात घटून ६४ टक्क्यांवर येतो. तेवढ्याच खोलीचे पाणी उचलायचे म्हणून ती जास्त प्रवाह ओढते, तिची तांब्याची गुंडाळी तापते, आणि वाढलेला प्रवाह तारेतले व्होल्टेज आणखी पाडतो. एकाच्या मोटारीने शेजाऱ्याचे व्होल्टेज पडते आणि शेजाऱ्याच्या मोटारीने त्याचे.

यात दुसरीही एक गोष्ट मिसळलेली असते. मोटारीला फिरण्यासाठी चुंबकीय क्षेत्र लागते. ते उभे करायला ती जी वीज घेते ती काम करून संपत नाही. सेकंदाला पन्नास आवर्तने होतात, त्या प्रत्येकात ती तारेतून येते आणि परत जाते. अभियंते तिला रिॲक्टिव्ह पॉवर म्हणतात. ती पाणी उचलत नाही, पण तारेतली जागा अडवते, तार तापवते आणि व्होल्टेज खाली ओढते. तिचा पुरवठा मोटारीजवळच करता येतो, त्यासाठी कॅपॅसिटर असतो. ५ एचपीच्या मोटारीला साधारण २ केव्हीएआरचा कॅपॅसिटर पुरतो. त्याने पॉवर फॅक्टर ०.८ वरून ०.९५ वर आला तर प्रवाह ८ अँपिअरवरून ७ च्या खाली उतरतो आणि तारेतला तोटा तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. महावितरण वर्षानुवर्षे सांगत आले आहे की कॅपॅसिटर बसवा आणि ऑटोस्विच काढा. ऑटोस्विचमुळे वीज आली की शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सात पट प्रवाह घेते, तेव्हा डीपीचे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको. १०० केव्हीएच्या डीपीवर ५ एचपीच्या सतरा-अठरा मोटारी नीट चालतात. त्याहून किती जास्त चालतात, हे ज्याच्या त्याच्या शिवाराला ठाऊक असते.

वीजजाळ्यात दोन गोष्टी सतत सांभाळाव्या लागतात: वारंवारता आणि व्होल्टेज. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण भारत उरलेल्या देशाशी एका सुरात आला. त्यानंतर काश्मीर ते कन्याकुमारी वारंवारता एकच आहे. दिल्लीत मोजा की पारनेरला, आकडा तोच. व्होल्टेजचे तसे नाही. ते जागोजागी वेगळे असते आणि जिथे बिघडते तिथेच सावरावे लागते, कारण रिॲक्टिव्ह पॉवर लांबून आणता येत नाही. ती वाटेतच खर्ची पडते. म्हणून वारंवारतेची नोंद एका ठिकाणी ठेवून भागते आणि व्होल्टेजची नोंद प्रत्येक ठिकाणी ठेवावी लागते. या लेखातला माझा सगळा आग्रह याच एका गोष्टीवर उभा आहे.

वरच्या पातळीवर ही नोंद चोख ठेवली जाते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या ग्रिड मानकांनी प्रत्येक पातळीला हद्द आखून दिली आहे. ४०० केव्हीची वाहिनी ३८० च्या खाली किंवा ४२० च्या वर जाता कामा नये. २२० ची १९८ ते २४५ मध्ये राहावी. १३२ ची १२२ ते १४५ मध्ये. महाराष्ट्रात यावर नजर ठेवण्याचे काम कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राचे, पश्चिम भारतासाठी मुंबईतल्या प्रादेशिक केंद्राचे आणि देशासाठी दिल्लीतल्या राष्ट्रीय केंद्राचे. उपकेंद्रांतली मोजमापे तिथे क्षणोक्षणी पोहोचतात. कोणत्या उपकेंद्रात दिवसातला किती वेळ व्होल्टेज हद्दीबाहेर होते, याचे गुणोत्तर काढले जाते. त्याला व्होल्टेज विचलन निर्देशांक म्हणतात. २०१० च्या भारतीय वीज ग्रिड संहितेने प्रादेशिक केंद्रांना दर आठवड्याला अहवाल काढायला लावले. त्यात महत्त्वाच्या उपकेंद्रांचे व्होल्टेज द्यायचे, आणि जिथे ते नेहमीच कमी किंवा जास्त असते अशा उपकेंद्रांचेही द्यायचे. तो अहवाल संकेतस्थळावर निदान बारा आठवडे सर्वांसाठी खुला ठेवायचा. संहितेने नियम वारंवार मोडणाऱ्यांचाही उल्लेख त्यात करायला सांगितला. मोठा बिघाड झाला की उपकेंद्रातल्या नोंदयंत्रांचा तपशील २४ तासांत वर पाठवायचा. ऑक्टोबर २०२३ पासून नवी संहिता लागू झाली. राज्यासाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाची २०२० ची राज्य ग्रिड संहिता आहे.

अहवाल म्हणजे कागद रंगवणे, असे आपल्याकडे सरसकट समजले जाते. इथे तसे म्हणता येत नाही, कारण या नोंदींना पैसा जोडलेला आहे. २०१० च्या संहितेने नियम केला की व्होल्टेज ९७ टक्क्यांच्या खाली असताना जो ग्रिडमधून रिॲक्टिव्ह पॉवर ओढेल त्याने पैसे भरायचे आणि जो ती पुरवेल त्याला पैसे मिळायचे. १०३ टक्क्यांच्या वर गेले की उलट: ओढणाऱ्याला पैसे, पुरवणाऱ्याला भुर्दंड. दर ठरला युनिटला १० पैसे आणि दरसाल अर्ध्या पैशाची वाढ. रक्कम लहान दिसते, पण तिच्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. व्होल्टेज बिघडवणारा कोण आणि सावरणारा कोण, हे मीटर सांगतो आणि त्याचा हिशेब होतो.

हा हिशेब सुटला की काय होते, ते जगाने पाहिले आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातले ऑन्टॅरिओ अंधारात गेले. सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. सुरुवात ओहायोत झाली, आणि तिथे रिॲक्टिव्ह पॉवर कमी पडत होती हे त्यामागचे एक कारण होते. तोवर तिथले विश्वासार्हतेचे नियम ऐच्छिक होते. २००५ च्या कायद्याने ते सक्तीचे झाले. आता तिथल्या वीजनिर्मिती संचाची व्होल्टेज सांभाळणारी स्वयंचलित यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत पारेषण चालकाला कळवावे लागते. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल ठप्प झाले, तेव्हा कारण उलटे होते: व्होल्टेज वाढले. वाढलेल्या व्होल्टेजमुळे एकामागून एक वीजकेंद्रे बाहेर पडली आणि प्रत्येक गळतीने व्होल्टेज आणखी वर गेले. व्होल्टेज आवरण्याचे काम ज्या केंद्रांवर सोपवले होते, त्यांनी अपेक्षित रिॲक्टिव्ह पॉवर शोषून घेतली नाही, असे स्पेन सरकारच्या चौकशीत निघाले.

आता कळव्याहून खाली पारनेरला येऊ.

४०० केव्हीपासून खाली उतरताना प्रत्येक पायरीवर नोंद विरळ होत जाते. ३३ केव्हीच्या उपकेंद्रात मीटर असतो आणि तिथला ऑपरेटर तासातासाला आकडे लिहितो. तिथून निघणाऱ्या ११ केव्हीच्या फीडरलाही मीटर असतो. त्यापुढे डीपी येते, आणि डीपीच्या पलीकडे लघुदाबाची तार आणि शेतकऱ्याचा स्टार्टर. व्होल्टेज सगळ्यात जास्त पडते ते याच शेवटच्या टप्प्यात, आणि तिथेच मोजणारे कोणी नसते. असतो फक्त स्टार्टरच्या पेटीवरचा व्होल्टमीटर. त्याचा काटा शेतकरी रोज पाहतो, पण तो आकडा कुठल्याच वहीत चढत नाही. वहीत चढते ती जळालेली डीपी.

नियम नाही असे मात्र नाही. लघुदाबाच्या ग्राहकाला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये ६ टक्क्यांहून जास्त चढउतार नसावा, असे आयोगाच्या कृती मानकांत आहे. २३० व्होल्ट धरले तर ही हद्द २१६ ते २४४ अशी येते. वर काढलेल्या हिशेबातला १९० ते १९५ चा आकडा या हद्दीच्या पुष्कळ खाली आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार ही मानके आयोग ठरवतो, ती पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. कलम ५९ नुसार वितरण कंपनीने किती पातळी गाठली, किती प्रकरणांत भरपाई दिली आणि एकूण किती रक्कम दिली, हे आयोगाला कळवायचे असते, आणि आयोगाने वर्षातून निदान एकदा ते प्रसिद्ध करायचे असते. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत, ज्या बाबतीत विलंब झाला तर भरपाई आपोआप मिळायला हवी अशा बाबींच्या यादीत व्होल्टेजच्या तक्रारीचे निवारणही आहे.

कायदा पुरेसा आहे. कमी आहे ते मोजमाप. या अहवालांत व्होल्टेजचा आकडा पडतो तो तक्रार नोंदली गेली तरच. आणि तक्रार कोण नोंदवतो? रब्बीत कांद्याला पाणी द्यायची घाई असते, आठवड्यातले काही दिवस वीज रात्रीची, लाइनमनला फोन केला की तो येऊन फ्यूज बांधून जातो, मोटार जळाली की शेतकरी ती गाडीवर टाकून रिवाइंडिंगला नेतो आणि पदरचे पैसे मोजतो. यातले काहीही कागदावर येत नाही. मग अहवालात त्या शिवारातले व्होल्टेज उत्तम ठरते. त्यात कोणी खोटे लिहिलेले नसते. लिहायला काही पोहोचलेलेच नसते. खंडित पुरवठ्याच्या निर्देशांकांचीही हीच मर्यादा. वीज किती वेळा गेली आणि किती मिनिटे गेली, हे ते मोजतात. ती आली तेव्हा १९० व्होल्ट होती की २३०, हे त्यांना दिसत नाही.

आता शेतीच्या विजेचे बिलही आकारले जात नाही. ७.५ एचपीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून राज्य सरकारने मोफत वीज दिली आहे. शेतकऱ्याला तो दिलासा आहेच. पण बिल नाही म्हणून मीटर नाही, मीटर नाही म्हणून नोंद नाही, असे होता कामा नये. पैसे न देणाऱ्या ग्राहकालाही कायद्याने तेच व्होल्टेज मिळायला हवे, आणि ते मिळते की नाही हे मोजल्याखेरीज कळणार नाही.

राळेगणसिद्धीत या प्रश्नाला २०१७ नंतर वेगळे वळण मिळाले. त्या वर्षी राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. पथदर्शी प्रकल्पांसाठी दोन गावे निवडली: राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातले कोळंबी. राळेगणसिद्धीचा प्रकल्प २ मेगावॅटचा. शेतीच्या फीडरला सौरऊर्जेवर दिवसा वीज द्यायची, म्हणजे रात्री-अपरात्री साप-विंचवाच्या भीतीत दारी धरायला जावे लागणार नाही, हा योजनेचा गाभा. २ मेगावॅट म्हणजे लख्ख उन्हात ५ एचपीच्या चारशेच्या वर मोटारी एकाच वेळी चालतील एवढी वीज. एप्रिल २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली, तिचे लक्ष्य पुढे १६ हजार मेगावॅटपर्यंत वाढवले गेले, आणि तिच्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला ३ मेगावॅटचा उभा राहिला. राळेगणात जे आधी करून पाहिले, ते आता राज्यभर होत आहे.

व्होल्टेजच्या दृष्टीने हा बदल मोठा आहे. पूर्वी वीज लांबच्या औष्णिक केंद्रातून यायची आणि वाटेवरच्या प्रत्येक तारेत तिचे व्होल्टेज थोडे थोडे पडायचे. आता ती गावाजवळच्या उपकेंद्रातच तयार होते, त्यामुळे ११ केव्हीचे व्होल्टेज दिवसा सावरते. पण आषाढात सलग पाऊस झाला, मोटारी बंद आहेत आणि मधेच दोन तास कडक ऊन पडले, तर वीज खपत नाही, ती उलट वरच्या वाहिनीकडे चढते आणि व्होल्टेज वाढते. ढग आला की झटकन उतरते. स्पेनमध्ये जे प्रचंड प्रमाणावर झाले, त्यातला भौतिकशास्त्राचा नियम गावच्या फीडरलाही लागू आहे. सौर प्रकल्पातला इन्व्हर्टर रिॲक्टिव्ह पॉवर देऊही शकतो आणि घेऊही शकतो, म्हणजे व्होल्टेज आवरायचे साधन जागेवरच आहे. मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांना प्राधिकरणाची तांत्रिक मानके सांगतात की पॉवर फॅक्टर दोन्ही बाजूंनी ०.९५ पर्यंत सांभाळता आला पाहिजे. छोट्या प्रकल्पांचे इन्व्हर्टर ही क्षमता कधी आणि किती वापरतात, हे गावकऱ्यांना कळायचे तर उपकेंद्रातल्या आणि डीपीवरच्या व्होल्टेजची नोंद हवी.

आणि इथे एक गोष्ट राहू शकते: फीडर सौर झाला, दिवसा वीज आली, उपकेंद्रात व्होल्टेज उत्तम आहे, आणि तरी टोकाच्या शेतकऱ्याची मोटार घरघरते. कारण डीपी तीच आहे आणि लघुदाबाची तार तीच आहे. सूर्य उपकेंद्रापर्यंतचे अंतर कमी करतो. डीपीपासून विहिरीपर्यंतचे करत नाही. त्यावर उपाय आहे, लघुदाबाची तार आखूड करणे. २०१८ पासून राज्यात राबवलेल्या उच्चदाब वितरण प्रणालीत तेच केले: ११ केव्हीची तार शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र छोटी डीपी द्यायची. ही प्रणाली जिथे आधी द्यायला हवी तो भाग कोणता, हे पुन्हा नोंदीच सांगतील.

केंद्राच्या २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत फीडर आणि डीपी दोन्हींवर संवाद साधणारे मीटर बसवायचे ठरले आहे. हा मीटर वीज तर मोजतोच, शिवाय व्होल्टेजही टिपतो आणि ते दूर पाठवू शकतो. म्हणजे आजवर जी नोंद उपकेंद्राशी थांबत होती, ती डीपीपर्यंत उतरण्याची सोय होत आहे. प्रश्न उरतो तो ही नोंद कोणाला दिसणार हा. ४०० केव्हीच्या उपकेंद्राचे व्होल्टेज कोणीही घरी बसून वाचू शकतो. आपल्या शिवारातल्या डीपीचे का वाचू नये?

हा प्रश्न राळेगणसिद्धीतून विचारला जावा, याला कारण आहे. शासनाची माहिती लोकांची असते, हे या राज्याने शिकले त्यात या गावाचा मोठा वाटा आहे. ऑगस्ट २००३ मध्ये अण्णांनी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण केले तेव्हा महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा मंजूर झाला आणि २३ सप्टेंबर २००२ पासून लागू मानला गेला. केंद्राचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये आला. त्याच्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने माहिती कोणी मागायची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करायची असते. व्होल्टेजच्या नोंदीला हे कलम लागू करायला नव्या कायद्याची गरज नाही.

तोवर शेतकऱ्याच्या हातात जे आहे ते त्याने जरूर करावे. व्होल्टेज पडले की स्टार्टरवरचा आकडा, तारीख आणि वेळ लिहून ठेवावी. मोबाइलवर फोटो काढला तर आणखी बरे. तक्रार तोंडी सांगून सोडू नये. १९१२ वर किंवा शाखा कार्यालयात लेखी नोंदवावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. एकाच डीपीवरच्या दहा जणांनी मिळून केली तर तिचे वजन वाढते. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत. त्याच वेळी आपल्या मोटारीला कॅपॅसिटर आहे का आणि ऑटोस्विच काढला का, हेही पाहावे, कारण शेजाऱ्याचे व्होल्टेज आपल्याही हाती असते.

आणि प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत एक ठराव करावा: आमच्या शिवारातल्या प्रत्येक डीपीचे महिन्यातले सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त व्होल्टेज, आणि ते किती तास हद्दीबाहेर होते, याचा तक्ता वीज कंपनीने दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. ठरावाची एक प्रत महावितरणच्या उपविभागाला द्यावी आणि दुसरी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाला पाठवावी.